दसऱ्याचं 'येजो'

बाबा हिंगणघाटच्या एका जिनात फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं त्यांच्या हाताखाली चालायची. काम हंगामापुरतं, आणि ते पक्कं व्हायचं दसऱ्याला. बाबा धुतलेला सदरा घालून शेठजींच्या घरी सोनं द्यायला जायचे, पाया पडायचे, आणि शेठजी पान चघळत म्हणायचे, "येजो." झाली नेमणूक. ना अर्ज, ना सही, ना शिक्का. घरी येऊन बाबा तो शब्द आईला असा सांगायचे की जणू दिल्लीहून हुकूम आला. मी एकदा म्हटलं, "बाबा, कागद मागा ना." तर माझ्यावरच डाफरले, "बापाच्या जागी हाये तो मानूस. त्याले कागद मांगू?"

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन मी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघ्यात आले, त्याच हिवाळ्यात जिनात एका बाईचा पदर यंत्राच्या पट्ट्यात गेला. बाई वाचली, पण हात गेला. बाबांनी शेठजींना तोंडावर सांगितलं की पट्ट्याला जाळी लागल्याशिवाय मी यंत्र सुरू करणार नाही. जाळी लागली. बाबा खुशीत होते.

पुढच्या दसऱ्याला शेठजींनी सोनं घेतलं आणि काही न बोलता आत निघून गेले. बाबांना वाटलं, विसरले असतील. भोळेपणालाही काही सीमा असावी, पण आमच्या बाबांच्या नव्हती. हंगाम लागल्यावर नेहमीसारखे डबा घेऊन फाटकावर गेले. चौकीदाराने काठी आडवी धरली. "काका, नवा फिटर आला. तुमाले आत सोडाले मनाई हाये."

माझा नवरा वर्ध्यात कचेरीत कारकून. तो म्हणाला, "कागद नसला म्हणून केलेलं काम खोटं होते काय?" त्यानेच कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. बाबा तयार नव्हते. शेठजींना वाईट वाटेल म्हणत होते!

ठरल्या दिवशी अधिकाऱ्यांच्या कचेरीत शेठजी जीपने आले. त्यांना खुर्ची मिळाली, आम्ही भिंतीलगतच्या बाकावर. अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे तुमच्याकडे कामाला होते?"

शेठजींनी बाकाकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाई साहेब. या मानसाले मी ओळखत नाई."

याच्या पोरीच्या लग्नात मांडवाचे खांब बाबांनी रोवले होते. माझ्या लग्नात हा अक्षता टाकून, जिलेबी खाऊन गेला होता. माणूस इतकं सरळ तोंडाने खोटं बोलू शकतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी उठणार होते, पण नवऱ्याने माझा हात दाबून धरला.

"काही पुरावा?" अधिकाऱ्यांनी बाबांना विचारलं. बाबा नुसते शेठजींकडे पाहत राहिले. अधिकारी मान खाली घालून लिहू लागले. तेवढ्यात शेठजींनी खिसे चाचपले आणि मागे न वळताच म्हणाले, "फिटर, जीपमधून पानाचा डबा आन."

आणि बाबा उठले. बाहेर गेले, डबा आणला, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसला आणि दोन्ही हातांनी शेठजींपुढे धरला.

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं होतं. शेठजींना आपण काय केलं ते तेव्हा कळलं असावं, कारण ते डब्याला हातच लावेनात.

"ओळखत नाही म्हणता," अधिकारी म्हणाले, "मग 'फिटर' म्हणून हुकूम कोणाला सोडलात? कामावर घेतो म्हणून सही करता, की हे मी कोर्टापुढे मांडू?"

शेठजींनी सही केली. बाबांच्या नोकरीचा तो पहिला कागद.

घरी परतताना माझे पाय जमिनीवर नव्हते. "बाबा, पेढे घेऊ!" म्हटलं. बाबा मागे राहिले होते. रस्त्याच्या कडेला उभं राहून ते आपल्या हातांकडे पाहत होते.

"काय झालं, बाबा? जागा भेटली ना!"

"भेटली. पन त्यानं मले ओळखत नाई म्हटलं. अन् मंग त्याच तोंडानं डबा मांगितला." "त्याचं जाऊ दे. पोरी, मी कायले उठलो?"