राखणदाराला लावलेलं कुंकू

नेपल्स बंदराच्या फाटकाबाहेर पडताना ह्यांनी शोअर पास (खलाशांना गावात उतरायचा परवाना) खिशात घातला आणि मला तिसऱ्यांदा बजावलं, "चारच्या आत बोटीर पोचाक व्हया. नायतर माजी नोकरी गेली म्हणान समज."

आमचे हे मालवाहू बोटीवर इंजिनिअर. चौऱ्याऐंशी साली बायकोला सोबत न्यायची परवानगी मिळाली, माझ्या मालवणच्या शाळेला मेची सुट्टी होती, म्हणून मीही निघाले. पाँपेईला जायचा हट्ट माझाच. ज्वालामुखीच्या राखेत गाडलेलं हे रोमन शहर मी दरवर्षी वर्गात शिकवायची; एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. पण आगगाडीच्या खिडकीतून तो ज्वालामुखीचा डोंगर दिसला आणि मनात धास्तीच बसली. स्टेशनाबाहेर टोमॅटो घातलेला पाव विकणाऱ्या बाईला मी डोंगराकडे बोट करून, गालाखाली हात ठेवून खुणेनं विचारलं, "झोपलाय ना?" तिनं खांदे उडवले आणि पाव कागदात गुंडाळून दिला. पाव चविष्ट होता, पण डोंगराकडे बघत मी तो अर्धाच खाल्ला.

देवळं आणि श्रीमंतांची घरं सोडून मी बाजाराच्या गल्लीत शिरले. मला माणसं कशी राहत होती ते बघायचं होतं. दुकानांच्या दगडी ओट्यांत रांजण बसवलेले, त्यांतून गरम जेवण विकत. उंबऱ्याला लांब खाच.

"फळयो सरकवची खाच ही," हे वाकून म्हणाले. "आपल्या बाजारात आसा तशीच!"

एका भट्टीवाल्याकडे पिठाची दगडी जाती तशीच उभी होती. पलीकडच्या दुकानामागे दोनच खोल्या, आणि वर जाणारा जिना अर्ध्यावर तुटलेला. चार वर्षांपूर्वीच्या भूकंपानंतर भिंतींना लाकडी टेकू दिले होते. एवढ्याशा जागेत कुणी दुकान चालवलं, मुलं वाढवली, हे पाहून मला उगाच भरून आलं.

"दोन वाजले. चल गो!" हे बाहेरून ओरडले.

तेवढ्यात मागच्या खोलीत चुलीचा ओटा दिसला. त्यावर कोनाडा, आणि कोनाड्याखाली रंगवलेले दोन नाग. मी जागच्या जागी थबकले. हा तर घराचा राखणदार (जागेचं रक्षण करणारा देव)! आमच्याकडे त्याला असं कोरडं ठेवून कुणी पुढे जात नाही. कुणी आत जाऊ नये म्हणून बांधलेली दोरी ओलांडून मी आत गेले, पर्समधला करंडा उघडला, नागाखाली कुंकवाचं बोट टेकवलं, खोबऱ्याचा तुकडा ठेवला. सासूबाई रोज घालतात ते गाऱ्हाणं (देवाला साकडं) तोंडून आपोआप निघालं, "बा राखणदारा, ह्या घरातला जा कोण भायर गेला आसात, तेका सुखरूप घराक हाड (घरी आण)."

मागून आरोळी आली. पहारेकरी! त्यानं भिंत पाहिली आणि डोक्याला हात लावला. हे धावत आत आले, तर त्यानं ह्यांचाच पास काढून घेतला आणि तो निघून गेला.

"काय केलंस गो ह्या?" ह्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पासाशिवाय बंदराचं फाटक उघडणार नव्हतं. मी शिक्षिका, मुलांना भिंती घाण करू नका म्हणून छड्या मारणारी. लाजेनं मान वर होईना.

पाऊण तासानं पहारेकरी तिथल्या एका चष्मेवाल्या अधिकारी बाईंना घेऊन आला. त्यांनी भिंगातून पाहिलं. कुंकू चित्राला नव्हे, खालच्या गिलाव्याला लागलं होतं. कुंचल्यानं झाडत त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "का केलंत?"

"हे घर राखणारे देव ना?"

"होते."

"आणि इथली माणसं?"

"चार जण इथेच राखेत सापडले. एक उंबऱ्यात होता, मुठीत किल्ली. बाहेरून घरच्यांसाठी परत आला असावा."

त्यांनी पहारेकऱ्याकडून पास घेऊन ह्यांच्या हातात दिला. आम्ही धावत सुटलो. बोटीच्या शिडीवर पाय ठेवला तेव्हा चार वाजायला सहा मिनिटं होती. हे मागे न बघता कामाला निघून गेले, आणि ते बरोबरच होतं.

शाळा उघडायच्या आत मी मालवणला परतले. ह्यांची बोट तशीच पुढे गेली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सासूबाईंनी देवासमोर नेहमीचं गाऱ्हाणं सुरू केलं, "भायर गेल्याक सुखरूप घराक..." मला उंबऱ्यातला तो किल्लीवाला आठवला, आणि मी घाईनं त्यांचा हात धरला.

"काय झाला गो?"

"आई, घराक म्हणू नकात. जंय आसात, थंय सुखरूप ठेव म्हणा."