वाचनालयातल्या पोथ्यांचा मुद्देमाल

नोकरीतले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत, पण वाचनालयातल्या पोथ्यांचा तो तपास अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो.

मी मूळचा कोकणातला. सातवीनंतर शाळा सुटली, पोलिसात भरती झालो आणि बदल्या होत होत खानदेशात येऊन पडलो. साठच्या दशकाच्या शेवटी धुळे जिल्ह्यात, तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी हेड कॉन्स्टेबल होतो. लोक जमादार म्हणत. इथली बोली निम्मी कळायची, घर लांब, ओळखीचं कोणी नाही. ड्यूटी सुटली की वाचनालयाच्या बाकावर जाऊन बसायचो. ग्रंथपाल बाईंना सारं गाव अक्का म्हणायचं. कायद्याच्या पुस्तकातले अवघड शब्द त्यांना विचारून विचारूनच मी खात्याची परीक्षा पास झालो. ते उपकार मनात होते. आणि त्याच वाचनालयात चोरी झाल्याची वर्दी आली. तपास माझ्याकडे होता आणि तो लागला नसता तर अक्कांना तोंड दाखवायची सोय नव्हती.

गेल्या होत्या त्या हस्तलिखित पोथ्या, लाल फडक्यांत बांधलेल्या. त्यांतल्या एका पोथीत कानबाईची गाणी होती. श्रावणात इथं घरोघरी कानबाई ही देवी बसते तेव्हा बायका म्हणतात ती, खानदेशीतली, कोणीतरी जुन्या काळी ऐकून उतरवून ठेवलेली. तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"ती गेली म्हणजे गेलीच, जमादार," अक्का म्हणाल्या. "आणि तुम्ही इथं माझंच नाव-गाव लिहून घेत बसलात!"

पंचनामा केला. कपाटाचं कुलूप शाबूत, म्हणजे किल्लीनं उघडलेलं. किल्ल्या दोन. एक अक्कांकडे, दुसरी कमिटीतल्या आबांकडे. आबा गावातले मोठे बागाईतदार. पोथ्या त्यांच्याच वडिलांनी वाचनालयाला दिलेल्या, त्यामुळे त्यांच्यावर संशय घ्यायची कोणाची छाती नव्हती. कपाटाच्या बाजूला वाळवीची माती चढलेली. रिकाम्या फळीवर चिमूटभर लाल तांदूळ पडले होते.

"उंदरांचं औषध शे ते," माझ्याबरोबरचा शिपाई म्हणाला. "हात नका लावू, जमादार."

मीही तसंच धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी एस.टी. स्टँडवरच्या आमच्या बातमीदारानं खबर दिली. जुन्या वस्तू विकत घेत फिरणारा एक परगावचा व्यापारी पत्र्याची ट्रंक घेऊन धुळ्याच्या गाडीत बसतोय. आधीच्या आठवड्यात हा माणूस पोथ्यांची चौकशी करत वाचनालयात आला होता. फौजदारसाहेब म्हणाले, "हाच. उचला." गाडी थांबवली, पंचांसमोर ट्रंक उघडली. आत पितळी समया, पानाचे डबे, एक अडकित्ता. पोथीचं पान नाही.

ठाण्यात आणून बसवला. मारहाण, दमदाटी मला कधीच जमली नाही. समोरच्याला बोलू द्यायचं आणि आपण गप्प राहायचं, एवढंच जमायचं. तो वैतागून म्हणाला, "साहेब, मला त्या पोथ्या पाहिजेच होत्या, नाही कोण म्हणतो? पण त्या अक्कांनी मला पायरीवरूनच हाकललं. झाडू होता त्यांच्या हातात!"

झाडूचं ऐकून मी खात्री करायला वाचनालयात गेलो. अक्कांनी मान्य केलं. निघताना सहज विचारलं, "उंदीर फार झालेत का हो इथं?"

"झालेत ना. औषध आणा म्हणून कमिटीला सांगून तोंड दुखलं. अजून कोणी आणलं नाही."

मग ते तांदूळ कसले? मी कपाटाकडे परत गेलो, दाणे हातावर घेतले. कुंकू लावलेल्या अक्षता होत्या. आमच्याकडे गणपती पोचवायचा तेव्हा उत्तरपूजा करतात, अक्षता वाहतात आणि मूर्ती जराशी जागची हलवतात. मग ती उचलून पाण्याकडे न्यायची. विकायला नेणारा माणूस अक्षता कशाला वाहील? हा पोथ्यांना निरोप दिलेला होता, आणि दुसरी किल्ली आबांकडे होती.

दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या होती; श्रावण लागायच्या आत पोथ्या पाण्यात सोडायच्या तर तोच दिवस. तापी दुथडी भरून चालली होती. एकदा पोथ्या त्या पाण्यात गेल्या की पंचनामा करायलाही काही उरलं नसतं.

शिपायाला बाहेर उभं करून मी एकटाच आबांच्या घरी गेलो. बूट दारात काढले. अंदाज चुकला असता तर एवढ्या माणसाच्या घरात शिरल्याबद्दल बदली नक्की होती.

"आबा, पोथ्यांचं विसर्जन उद्या सकाळी का?"

आबांनी लपवाछपवी केली नाही. "हो. सूर्य उगवल्यावर."

"चोरीचा गुन्हा दाखल आहे, आबा."

"चोरी? माझ्या वडलांनी हातानं नेऊन दिल्या त्या. परवा बघितलं तर वाळवी लागलेली, वर छप्पर गळतंय. मूर्ती भंगली की घरात ठेवतो का आपण? पाण्यात सोडतो. माझ्या डोळ्यांदेखत त्यांची माती होऊ देऊ का?"

कलमं तोंडपाठ होती, पण ती या माणसापुढे कामाची नव्हती. मी म्हणालो, "ती कानबाईची एकदा बघू द्या."

देवघरातून पोथी आली. मी अडखळत वाचायला लागलो. माझे खानदेशी उच्चार ऐकून माजघरातून हसू आलं आणि आबांच्या पत्नी उंबऱ्यापाशी येऊन बसल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. गाण्यात कानबाई माहेरी न्यायला उशिरा आलेल्या भावाला फैलावर घेत होती. बाई माझ्याबरोबर गुणगुणू लागल्या, चालीवर आल्या आणि एका कडव्यापाशी थांबल्या. मी पुढचं वाचलं.

"परत वाचा बरं," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "हाई मन्ही सासूनं गानं शे. आठे कोनलेच येत नही आते. बठ्ठं इसराई गयथं." सासूचं ते गाणं इथं सगळेच विसरून गेले होते. मग आबांकडे वळून म्हणाल्या, "आनि तुम्हीन हाई पानीमा टाकी देशात का?"

आबांनी पोथी परत लाल फडक्यात बांधली. मग म्हणाले, "जमादार, गठ्ठा जड आहे. तुमच्या शिपायाला आत बोलवा."

आम्ही वाटेत असतानाच अक्कांना कोणीतरी वर्दी दिली होती. त्या वाचनालयाच्या पायरीवर उभ्या होत्या. आबांना म्हणाल्या, "चोराला चहा पाजायची आमच्यात पद्धत नाही." आणि कप त्यांच्याच हातात आधी दिला.

लबाडीचा हेतू नसल्यानं कोर्टाकडे क समरी, म्हणजे गैरसमजातून नोंदलेला गुन्हा बंद करायची मंजुरी, मागितली आणि प्रकरण निकाली निघालं. साहेबांनी पाठ थोपटली. आबांनी छप्पर शाकारून दिलं, सागवानी कपाट करून दिलं. त्या श्रावणात अक्कांनी ती पोथी वाचनालयात उघडली तेव्हा ओटा बायकांनी भरून गेला होता. ज्यांनी त्या दारात कधी पाऊल ठेवलं नव्हतं, त्यासुद्धा आल्या. शाळेतल्या मुलींनी गाणी उतरवून घेतली. मी बंदोबस्ताच्या नावाखाली दाराशी उभा होतो. परक्या मुलुखात मला आपलं वाटलं ते त्या दिवशी.

पुढे फौजदार होऊन निवृत्त झालो. बैल, सायकली, दागिने, पुष्कळ मुद्देमाल शोधून दिला. माणूस कसा ओळखावा हे त्या तपासानं शिकवलं: वस्तू कोणी नेली यापेक्षा नेताना तिच्याशी तो कसा वागला, ते बघावं. पण त्याहून मोठी गोष्ट मला पोथ्या परत देताना कळली. इतर मुद्देमाल मालकाच्या हाती दिला, त्याची सही घेतली की आमचं काम संपायचं. या वेळी सही अक्कांनी केली. मालक मात्र अजून जन्माला यायचे होते.