रक्तातला हमाल

तळमजल्यावरच्या हमालाला अख्खी इमारत क्रेन म्हणायची. उभं आयुष्य त्यानं लोकांचे संसार पाठीवरून हलवले. फ्रिज असा उचलायचा, जणू बायकोची पिशवी. मग एकदा छातीत कळ आली आणि मालकानं त्याला टेम्पोपाशी राखणीला बसवलं. राखण कसली, खुर्चीवर ठेवलेलं सामानच ते! गडी येता-जाता टोमणा मारायचे, "क्रेनदादा, कपबशी आहे, झेपेल का?" हे त्याच्या जिव्हारी लागायचं. पुन्हा जिना चढायचा, एवढा एकच ध्यास.

तेवढ्यात दवाखान्यात एका नव्या गोळीची चाचणी निघाली. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याच भाषेत समजावलं, "तुमच्या रक्तात एक प्रथिन असतं, तेही हमालच. चांगल्या कणांतलं कोलेस्टेरॉल उचलायचं आणि वाईट कणांत नेऊन टाकायचं, हे त्याचं काम. ही गोळी त्याचे हात बांधते. आता त्यानं हृदयाला फायदा होतो का, तेच बघायचंय."

शेवटचं वाक्य क्रेननं ऐकलंच नाही. सोयीचं तेवढंच ऐकणं हा आमच्या इमारतीचा जुनाच आजार.

त्यानं गोळी सुरू केली. चाचणीवाले कोलेस्टेरॉलचा आकडा सांगेनात, म्हणून पठ्ठ्यानं गुपचूप बाहेर रक्त तपासून घेतलं. चांगलं कोलेस्टेरॉल दुप्पट! रिपोर्ट खिशात घालून स्वारी दारोदार. पोरीच्या मार्कांचंही एवढं कौतुक कधी केलं नव्हतं.

"अहो, आकडा वाढला, पण वय उतरलं का?" बायको म्हणाली.

"तुला काय कळतंय? आतला हमाल बांधलाय!"

"आणि बाहेरच्याला कोण बांधणार?"

पुढच्याच कामाला चौथ्या मजल्यावर लोखंडी कपाट चढवायचं होतं. गडी घामाघूम होऊन टेकले होते. "सरका रे, दुधाच्या दातांनो!" म्हणत क्रेननं पट्टा खांद्यावर घेतला. दुसऱ्या वळणावर कपाट भिंतीला टेकलं आणि क्रेन कपाटाला.

गड्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, त्याच पट्ट्यानं बांधलं आणि खाली आणलं. "डावीकडे घे... कोपरा सांभाळ... हळू, आपटेल!" सगळे शब्द त्यानंच शिकवलेले.

जीव वाचला, पण दारापर्यंत चाललं तरी धाप लागायची. डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. "चाचणी बंद केली," त्या म्हणाल्या. "आकडा वाढतो खरा, पण झटके काही कमी होत नाहीत."

क्रेननं आपल्या तळव्यांवरच्या घट्ट्यांकडे बघितलं.

"म्हणजे आतल्या त्या बिचाऱ्याचे हात उगाचच बांधले?"

बाईंनी उरलेल्या गोळ्या परत घेऊन पिशवीत टाकल्या.

"सोडा त्याला," तो म्हणाला. "त्याला तरी काम करू दे."