शेलारांचा दहावा बळी

परवा रावेतला मुलीकडे होते. त्यांच्या सोसायटीत खालच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही आहे, टेस्ट मॅच असली की ज्येष्ठ मंडळी तिथेच जमतात. मुलगी ऑफिसला गेलेली, म्हणून मीही चहाचा कप घेऊन खाली जाऊन बसले.

खेळ जरा कंटाळवाणा चालला होता, त्यामुळे गप्पांना ऊत आला होता. एका डावात दहाच्या दहा बळी... टेस्टच्या एवढ्या मोठ्या इतिहासात फक्त तिघांना जमलंय. बँकेतून निवृत्त झालेले दामलेकाका दिल्लीच्या त्या मॅचबद्दल रंगून सांगत होते. नऊ बळी झाल्यावर दुसऱ्या टोकाचा बोलर मुद्दाम स्टंपच्या बाहेर बाहेर टाकत होता म्हणे, दहावा बळी चुकून आपल्याला मिळू नये म्हणून!

तेवढ्यात मागच्या खुर्चीतून आवाज आला, "आमी नऊ घेतल्यात राव एका डावात."

"रबरी बॉलने का हो शेलार?" दामलेकाका म्हणाले आणि सगळे हसले.

"न्हाई, सीझन बॉल. चिंचवडला, आमच्या कंपनीच्या ग्राउंडवर. फाउंड्री विरुद्ध मशिन शॉप."

मी कप खाली ठेवला. मागे वळून पाहायचा धीरच होईना... कारण त्या मॅचची स्कोरर मी होते.

तेव्हा मी त्या कंपनीत पर्सोनेल डिपार्टमेंटला टायपिस्ट होते. वय बावीस. शाळा कॉन्व्हेंटची, अक्षर सिस्टरांनी घोटून घेतलेलं, आणि क्रिकेट वडिलांबरोबर रेडिओवर ऐकून ऐकून पाठ. साहेबांनी विचारलं, स्कोरिंग जमेल का? मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले. त्या ग्राउंडवर स्कोररच्या खुर्चीत बसलेली मी पहिलीच बाई.

क्रिकेट मी ऐकलं होतं भरपूर... पाहिलं मात्र फारसं नव्हतं.

शेलारांनी त्या दिवशी एकट्याने नऊ जणांना बाद केलं. शेवटचा बॅट्समन त्यांच्याच बॉलवर पुढे सरसावला, बॉल हुकला, कीपरने बेल्स उडवल्या. अंपायरचं बोट वर गेलं. माणूस क्रीजच्या बाहेर होता एवढंच मला दिसलं आणि मी सुंदर अक्षरात लिहिलं... रन आऊट.

रन आऊट बोलरच्या नावावर लागत नाही. शेलारांचे नऊच राहिले. नऊचा विक्रम कंपनीत आधीच कुणाच्या तरी नावावर होता. दहा झाले असते, तर विक्रम त्यांचा झाला असता.

पुढे वर्षभरातच लग्न झालं, घरात टीव्ही आला. एकदा अगदी तसाच बॅट्समन बाद झाला आणि आमचे हे म्हणाले, "वा, काय स्टंपिंग!" मी विचारलं, "ही विकेट कुणाची?" "बोलरची. अजून कुणाची?" म्हणजे स्कोरबुकात मी चुकीचं लिहिलं होतं, आणि ते आजतागायत मनातून गेलं नव्हतं. शेलार तोवर कंपनी सोडून गेले होते. मी दोघातिघांकडे चौकशी केली, पत्ता लागला नाही... आणि खरं सांगायचं तर सापडले नाहीत म्हणून थोडं हायसंही वाटलं होतं.

आता ते दोन हातांवर बसले होते. केस पांढरे झालेले, शेजारी बायको. लोक अजून हसत होते.

मी उठले. "शेलार, मला ओळखलंत?"

त्यांनी निरखून पाहिलं आणि एकदम उभेच राहिले. "पर्सोनेलच्या मॅडम!"

"तुमच्या नऊ नव्हत्या, दहा होत्या. शेवटचं स्टंपिंग होतं. मी चुकीचं लिहिलं..." कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

शेलार हसले. "म्हाईत हाय की मॅडम. मी समोरच हुतो."

"मग बोलला का नाहीत?"

"सकाळपासनं ऐकत हुतो मॅडम, बाई बसवलीय, आता स्कोरची भाजी होणार. आमची पोरं निघालीच हुती तुमच्याकडं भांडायला. मीच म्हणलं, ऱ्हाऊ द्या. एक चूक घावली की उद्या ह्यांची खुर्ची काढून घेत्याल." मग बायकोकडे बोट दाखवून म्हणाले, "ही तवा नवीनच भोसरीला वर्कशॉपमधी लागली हुती. तिलापण असंच बोलायची माणसं. घरी येऊन रडायची."

"मी कवा रडले?" वहिनी फणकारल्या. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "आन् मलापण नऊच सांगितलं व्हय इतकी वर्सं?"

"वहीत नऊ हुतं. मग नऊच सांगणार ना."

दामलेकाका आपली खुर्ची सोडून आले, शेलारांचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांना पुढच्या रांगेत, टीव्हीसमोर नेऊन बसवलं. मी मात्र कितीतरी वेळ चष्मा पुसत होते.

त्या खुर्चीवर पुढे मी सहा वर्षं बसले. माझ्यानंतर स्टोअर्समधली एक मुलगी बसली, तिच्यानंतर आणखी एक. मला वाटायचं, ते सगळं माझ्या अक्षरामुळे आणि हुशारीमुळे... एका माणसाने गप्प राहून ती जागा आमच्यासाठी राखली होती, याचा मला पत्ताच नव्हता.

ती कंपनी आता नाही. स्कोरबुकही कधीच रद्दीत गेलं असेल, दुरुस्ती करायला पानच उरलेलं नाही. म्हणून इथे, तुम्हा सगळ्यांच्या साक्षीने करते...

शेवटचा फलंदाज यष्टिचित. गोलंदाज शेलार, फाउंड्री. एका डावात दहा बळी.