आपलाच डोंगा

आमच्या भाऊजींचं नुसतं नाव काढलं तरी अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, ताईचे, यजमान. बोलायला इतके गोड की त्यांच्याकडे तासभर बसलं की वरून पाणी प्यावंसं वाटतं. अशा माणसापासून देवानं सगळ्यांना वाचवावं, अन् आम्हाला तर आधी वाचवायला हवं होतं.

हिंगण्याची कंपनी बंद पडली अन् आमचे हे घरी बसले. सकाळी उठून दाढी करायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा अन् मग खुर्चीत बसून राहायचं. कंपनीनं हिशोब करून जे काही हातावर ठेवलं होतं ते यांनी बँकेत टाकलं. म्हणाले, "याले हात लावायचा नाही. एकच धंदा करीन, पण विचार करून करीन." मला तो खुर्चीतला माणूस पाहवत नव्हता. म्हणून भाऊजी धंदा घेऊन आले तेव्हा मीच सगळ्यात आधी चहा टाकला.

भाऊजींचं गाव कुहीच्या पुढे, धरणाच्या पाण्याच्या काठावर. रविवारी नागपूरचे लोक गाड्या काढून तिथं जातात, फोटो काढतात, पोरांना पाण्यात फिरवून आणायचं म्हणतात. "आपला डोंगा हाय ना तिथं," भाऊजी म्हणाले. तिकडे कुठल्याही नावेला डोंगाच म्हणतात. "मोटारवाला, फायबरचा. घेऊन टाका साडभाऊ. माझ्यानं आता होत नाही."

आम्ही पाहायला गेलो. डोंगा चांगला होता, त्यात खोट नव्हती. यांनी इंजिनची दोरी ओढली, ते एका झटक्यात चालू झालं, अन् कितीतरी महिन्यांनी हे हसले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

पण मी बावळट नाही. सेकंडहँड स्कूटर घेतानासुद्धा आपण गाडी कोणाच्या नावावर आहे ते पाहतो. रात्री ताईकडे जेवायला बसलो तेव्हा मी सरळ विचारलं, "भाऊजी, डोंग्याचे कागद कुठं आहेत?" भाऊजी नुसते हसले. ताई भाकर वाढत होती, ती माझ्यावरच डाफरली, "अवं, घरच्या माणसाले कागद मागते काय वं? लाज वाटू दे थोडी!" यांनी मान खाली घातली. अन् मी चूप झाले. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या चार काड्यांसाठी भांडणारी मी, मी चूप झाले!

आमचं घराणं विणकरांचं. चार काकांत एक माग होता. कोणाचा, असं विचारलं तर उत्तर एकच, "आपला." त्यावर कोण बसायचं ते घरात ठरायचं, पण माग कोणाचा हे जन्मात कोणी बोललं नाही. तसं विचारणं म्हणजे वाटणी मागणं, अन् वाटणी मागणारा म्हणजे घरफोड्या. पुढे माग मोडला तेव्हा ज्याचा हात पोचला त्यानं लाकूड नेलं. तेव्हाही सगळे म्हणाले, जाऊ द्या, आपलंच आहे. अशा घरात वाढलेल्या माणसाला "आपला डोंगा" ऐकून शंका येत नाही. आली तर तोंडातून निघत नाही.

पैसे दिले. यांनी स्वतःच्या हातानं डोंगा रंगवला, नारंगी जॅकेटं आणली. पहिल्या रविवारी लोक रांगेत उभे होते अन् एक बाई तरातरा काठावरून आली, डोंग्यात चढून मधोमध बसली.

"हा माझ्या मालकाचा डोंगा होये," ती म्हणाली. "तुमी कोण?"

डोंगा तिच्या नवऱ्याचा होता, इंजिन तेवढं भाऊजींचं. दोघं मिळून धंदा करत. नवरा तापानं गेला तेव्हा भाऊजी तिला म्हणाले होते, "वहिनी, कायजी करू नका, डोंगा आपलाच हाय." तिलाही तोच शब्द! काठावर सगळ्यांना ठाऊक होतं. परवानाही तिच्या नवऱ्याच्याच नावावर निघाला. रांगेतले लोक आपापल्या पोरांना घेऊन गाड्यांकडे वळले. मी तोंड उघडणार तेवढ्यात यांनी इंजिन बंद केलं अन् तिला म्हणाले, "बसा ताई, तुमी नका उतरू. मी उतरतो."

तिथून आम्ही तडक भाऊजींच्या घरी. मी दारातूनच सुरू झाले. शेजारचे बाहेर आले तरी थांबले नाही. भाऊजी पानाला चुना लावत बसले होते, तो हात काही थांबला नाही.

"मी खोटं बोललो काय?" ते म्हणाले. "आपला म्हटलं होतं. माझा म्हटलं होतं काय?"

"अन् आमचे पैसे?"

"ते लागले ना घरात. हे घर काय परक्याचं हाय? आपलंच तर हाय."

भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा! मी पोलिसात जाते म्हणाले तर यांनी माझा हात धरला. "ताईचं घर मोडीन वं त्यानं," एवढंच बोलले अन् चपला घालून बाहेर पडले. आता ते एका अपार्टमेंटच्या गेटवर उभे राहतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितात. दाढी रोज करतात. पाण्याचं नाव काढत नाहीत.

त्या दिवशी ताई माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आली. रडत नव्हती. मी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग मी कागद मागतले तेव्हा मलेच काहून दाबलं?"

"हे समोर बसून होते. त्यायच्या समोर मी दुसरं काय म्हणणार होती?" ती म्हणाली, अन् मग दात-ओठ खाऊन माझ्यावरच उलटली. "लहानपणापासून माझं एक ऐकलं नाही तुनं. मले वाटलं, हेही नाही ऐकणार. तेवढंच काहून ऐकलं वं?"