गाठींची वही

मिस्त्रीच्या दुकानात वही नव्हती. जळलेल्या मोटरी पुन्हा बांधून देण्याच्या धंद्यात वहीशिवाय कुणाचं चालत नाही. जुनी कॉइल कापून काढायची, तिचे वेढे मोजायचे आणि लगेच लिहून ठेवायचे. आकडा विसरला की मोटर गेली कामातून. मिस्त्री मात्र मोजता मोजता एका सुती दोरीला गाठी मारत जायचा. दहा वेढ्यांना एक मोठी गाठ, एका वेढ्याला एक बारीक. तार किती जाड, ते कळायला टोकाला रंगीत दोरा. काम संपलं की दोरी भिंतीवरच्या खिळ्याला. पंचवीस वर्षांत सगळी भिंत दोऱ्यांनी भरून गेली होती.

"काय मिस्त्री, वाळत घातल्यात का?" गिऱ्हाइकं चेष्टा करायची.

"वही भिजते, फाटते, उंदीर खातात. गाठ कुठे जात नाही," मान वर न करता मिस्त्री म्हणायचा, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, उस्तादाची विद्या आहे, आपल्याला थोडीच सांगणार!

विद्या कसली? मिस्त्रीला लिहिता-वाचता येत नव्हतं. शाळेत चांगली सात वर्षं गेला होता. पण अक्षरं डोळ्यांपुढे जागेवर थांबतील तर शपथ. एक धरावं तर दुसरं निसटायचं. मास्तर मारून थकले, आणि एक दिवस बापानेही हात टेकले. "नाही जमत तर सोड." त्या एका वाक्याचा राग मिस्त्रीने जन्मभर मनात ठेवला. बापाने जरा नेट लावला असता तर आपण शिकलो असतो, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं. सही तेवढी त्याने घोटून घोटून बसवली होती. बाकी सगळं 'चष्मा घरी राहिला' आणि 'डोळे दुखतायत' यावर निभावलं. बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नाही.

मुलगी झाली. दिवसभर गिरक्या घ्यायची म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. एकदा ऐकलेली गोष्ट शब्दन् शब्द परत सांगायची. पुढे शाळेत वाचन सुरू झालं आणि ही पोर पुस्तकापुढे गप्प झाली. एका शब्दावर बोट ठेवून घामाघूम व्हायची. मिस्त्रीने ते पाहिलं. ते बोट त्याने ओळखलं होतं.

आपल्या बापाची चूक आपण करायची नाही, असं त्याने ठरवलं. रोज संध्याकाळी दुकान लवकर बंद करून तो तिच्यासमोर बसायचा. ती अडखळली की तो शब्द शंभर वेळा लिहायचा. पुन्हा अडखळली की कान पिरगाळायचा. "आळशी कुठली! लक्ष कुठंय तुझं?" आपल्याच तोंडून मास्तरांचा आवाज येतोय हे त्याला ऐकू यायचं. तरी तो थांबायचा नाही.

नऊ वर्षांची असताना एकदा ती दुकानात डबा घेऊन आली. वेणीच्या रिबिनीला गाठीच गाठी.

"हे काय गं?"

"धड्यातली उत्तरं बाबा! ही मोठी म्हणजे पहिला प्रश्न. ह्या तीन बारीक म्हणजे त्याची तीन कारणं. नुसता हात लावला की आठवतं. तुमच्यासारखं!"

मिस्त्रीने तार कापायचं कटर उचललं आणि रिबिनीचे दोन तुकडे केले. "हे शिकायचं नाही. तू वहीतच लिहायचं. कळलं?"

ती रडली नाही. तुकडे मुठीत धरले आणि निघून गेली. डबा तसाच टेबलावर राहिला.

शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या वर्षी वर्गाच्या बाईंनी मिस्त्रीला बोलावून घेतलं.

"मुलगी हुशार आहे हो तुमची," बाई म्हणाल्या. "प्रश्न वाचून दाखवला की उत्तर तिच्या ओठांवर असतं. हा आळस नाही. काही मुलांना अक्षरांचा मेळ लावणंच अवघड जातं, त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात. मारून जात नाही, शंभर वेळा लिहूनही जात नाही. पण तपासणी करून घेतली तर परीक्षेत जास्त वेळ मिळेल, पेपर वाचून दाखवायला माणूस मिळेल. पास होईल ती. हा फॉर्म तेवढा भरायचा."

मग बाईंनी पेन काढलं. "घरात आणखी कुणाला वाचायची अडचण आहे? किंवा लहानपणी होती? फॉर्मवर तसा प्रश्नच आहे."

मिस्त्रीला सुटल्यासारखंही वाटलं आणि उघडं पडल्यासारखंही.

"नाही. कुणालाच नाही," तो म्हणाला. "द्या इकडे, घरी भरतो. चष्मा राहिलाय."

फॉर्म त्याने दुकानातल्या वार्निशच्या डब्याखाली सरकवला. बायकोला दिला असता तर तो प्रश्न तिने मोठ्याने वाचला असता. बाईंनी दोनदा निरोप पाठवला, दोन्ही वेळा मिस्त्री म्हणाला, "देतो, देतो." मुदत टळली.

भिंगरी तशीच परीक्षेला बसली. पहिल्या पेपरात निम्मे प्रश्न वाचून होईपर्यंत वेळ संपला. निकाल लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाबा, मला नाही जमत. सोडू?"

मिस्त्रीला 'नाही' म्हणायला तोंड नव्हतं. ती मावशीच्या गावी, खोकी भरायच्या कारखान्यात लागली.

दोन वर्षांनी वार्निशचा डबा रिकामा झाला. नवा ठेवायला मिस्त्रीने जुना उचलला आणि खालचा कागद उचकटून निघाला. त्यावर डब्याचं तपकिरी वर्तुळ उमटलं होतं. तो कागद घेऊन मिस्त्री तडक बाईंकडे गेला आणि सगळं सांगून बसला. बाईंनी कागदावरचं वर्तुळ बोटाने पुसून पाहिलं. मग म्हणाल्या, "बाहेरून परीक्षेला बसता येईल अजून. मी नवा फॉर्म देते. पण आधी तिला सांगा."

जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्याच्या फाटकाशी आली. किती वाळली होती! मिस्त्रीने उभ्या उभ्या सांगितलं. शाळा, मास्तर, गाठी, डब्याखालचा कागद, सगळं.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही एकटेच होतात." तिने एप्रनला हात पुसले. "मी पण एकटीच होते, बाबा. त्याच घरात."

मिस्त्रीने नवा फॉर्म पुढे केला. "बाई भरून देणार आहेत. घरात आणखी कुणाला अडचण आहे, त्या प्रश्नापुढे माझं नाव लिहा म्हणालोय."

तिने कागदाकडे पाहिलं, हात नाही लावला. "ठेवा तुमच्याकडे. आता कागद समोर आला तरी माझ्या पोटात कळ येते."

"कधी वाटलं तर—"

घंटा झाली. "डबा खाल्लात का तुम्ही?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वळली.

पाठमोरी जाताना तिच्या एप्रनची नाडी खाली लोंबत होती. नाडीला गाठी होत्या. चार मोठ्या, सात बारीक. सकाळपासूनची खोकी.

सत्तेचाळीस. मिस्त्रीने एका नजरेत वाचलं.