गालिच्याच्या फटी

तर धाकटी डहाणूच्या त्या धोंडीने अकरा दिवस खपून गालिचा शिवून आणला, इथवर आलो होतो आपण. बाजारात तयार जाळी आल्यापासून मासेमारीची जाळी सांधणाऱ्या या म्हाताऱ्याला वर्षातलं हे पहिलंच काम. बोर्डीच्या नव्या बंगल्यात भिंतीवर टांगायचा जुना, सपाट विणीचा इराणी गालिचा. फक्त फाटका कोपरा सांधायचा होता. हा जमला तर आणखी दोन देते, असं बंगल्याच्या मालकीण सुषमाबाई म्हणाल्या होत्या.

बाईंनी गालिचा उजेडात धरला.

"अहो आजोबा, दोन रंगांमधल्या फटी विणकराने मुद्दाम ठेवलेल्या असतात! सगळ्या शिवल्यात? तेही नायलॉनने? बाकीचे दोन राहू द्या आता."

धोंडी म्हणाला, "बाय, जाळ्यातलं कुठलं भोक ठेवायचं नि कुठलं शिवायचं, एवढंच मला येत होतं. आता तेपण गेलं."